पाणी येतं का?

मे महिन्यातली दुपार होती. नर्मदेच्या बॅकवॉटरमध्ये, अक्कलकुवा तालुक्याच्या बाजूला, भर पाण्यात आमच्या बोटवाल्याने इंजिन बंद केलं. बोटीत आम्ही अकरा जण होतो. त्यांतल्या एका बाईला पहाटेपासून कळा येत होत्या आणि तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घाटावर अँब्युलन्स येऊन थांबणार, असा निरोप निघण्याआधीच मिळाला होता. घाट तिथून इंजिनावर दहा-बारा मिनिटं लांब.

"बंद का केलंस?" मी ओरडलो.

"सर, धार गेली."

"गेली तर गेली! दहा मिनिटांचा प्रश्न आहे. चालू कर."

त्याने चालू केलं नाही. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. बाईच्या नवऱ्याने हात जोडले. तो इंजिनावरची फळी काढून आत बघत राहिला आणि मग त्याने आणि दोन पोरांनी वल्ही काढली. अर्ध्या तासाने मासेमारीची एक इंजिनाची होडी दिसली, तिला हाका मारून बोलावलं, बाईला आणि तिच्या माणसांना तिच्यात बसवलं. आम्ही उरलेले संध्याकाळी काठाला लागलो. बाई मोलगीला वेळेत पोचली. रात्री मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तरीही दुसऱ्या दिवशी मी एक पान लिहिलं. एका लहानशा संस्थेचे हिशेब मी बघतो. काठावरच्या पाड्यांत मुलांसाठी आमचं थोडं काम आहे, आणि धान्य, वह्या, माणसं नेण्यासाठी ही एक बोट. त्या पानावर मी लिहिलं : चालकाचा निष्काळजीपणा, तसेच स्पष्ट सूचना देऊनही इंजिन सुरू करण्यास नकार. बैठकीत ते वाचलं गेलं, कोणी काही विचारलं नाही, आणि बोटवाल्याला कामावरून थांबवण्यात आलं. मी त्याला 'तू' म्हणतो आणि तो मला 'तुम्ही' म्हणतो. अशा माणसाविरुद्ध एक पान पुरतं.

त्या पानाबद्दल मला लिहायचं आहे, पण पंप कसा चालतो ते सांगितल्याशिवाय त्या पानातलं खोटं कुठे आहे ते दाखवता येणार नाही.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याएवढी ताकद कामाला येते. तेवढीच धुरावाटे जाते आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते. आमच्या बोटीचं इंजिन सेकंडहँड, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका बोटीतून काढलेलं. त्याला नदीचंच पाणी लागतं. बोटीच्या तळाकडून पाणी ओढायचं, इंजिनाच्या पोटातून फिरवायचं आणि मागे नदीत सोडायचं. मागे पडणाऱ्या त्या पाण्याला सगळे 'धार' म्हणतात. तापमानाचा काटा आमच्या बोटीवर होता तो कधीच मेला आहे. त्यामुळे इंजिनाच्या तब्येतीची खबर देणारी एकच गोष्ट उरते, ती धार. बोटवाला पुढे बघून बोट हाकतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी मागे वळून बघतो. मला वर्षानुवर्षं वाटायचं की तो माणसं मोजतो.

हे पाणी ओढणारा पंप मुठीएवढा असतो. गोल डबी, तिच्यात रबराचा पंखा, पंख्याला सहा पाकळ्या. डबीच्या आतल्या भिंतीला एका बाजूला फुगवटा असतो. फिरता फिरता पाकळी त्या फुगवट्यापाशी आली की वाकते, पुढे गेली की सरळ होते. ती सरळ होताना दोन पाकळ्यांमधली जागा मोठी होते आणि तिथे पाणी ओढलं जातं. ते पाणी डबीभर फिरून पुन्हा फुगवट्यापाशी आलं की पाकळी वाकते, जागा आवळते आणि पाणी पुढे ढकललं जातं. रबर आणि धातू यांच्यातलं घर्षण कमी ठेवण्याचं कामही तेच पाणी करतं. म्हणजे पाणी आलं नाही तर आधी पंखाच मरतो. कोरडा फिरला तर एखाद्या मिनिटात रबर जळायला लागतं, पाकळ्यांचे तुकडे पडतात. त्याच्यामागून इंजिनाची पाळी येते : हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, पिस्टन जाम होतो. आणि घाबरून तापलेल्या इंजिनावर कोणी नदीचं गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो.

यातलं बरंचसं मला जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं. पाऊस लागायच्या आत बोट चालू व्हायला हवी होती, म्हणून शहाद्याहून एका मिस्त्रींना घाटावर आणलं. तापीकाठी प्रकाशा-सारंगखेड्याच्या बाजूला उपशाच्या पंपांवर त्यांचं आयुष्य गेलेलं. सोबत हाताखालचा एक पोरगा. मी येतानाच नवा पंखा विकत घेऊन पिशवीत ठेवला होता. बोट काठावर ओढलेली होती. मी पिशवी पुढे केली. मिस्त्रींनी ती बघितलीच नाही. पोऱ्याला म्हणाले, "पानी येस का, ते दख पहिले."

पाणी कसं येतंय ते आधी बघायचं. धार भरपूर आणि तरी इंजिन तापतंय, तर दुखणं पुढे कुठेतरी : आतल्या वाटा क्षाराने भरल्या असतील, थर्मोस्टॅट अडकला असेल, इंजिनावर ओझं जास्त पडत असेल. धार बारीक आणि इंजिन तापतंय, तर दुखणं मागे, पाणी येण्याच्या वाटेवर. धारेसोबत बुडबुडे, तर पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा शिरते आहे. या एका प्रश्नाने निम्मं इंजिन संशयातून मोकळं होतं. माझी रीत उलटी होती. माझ्या पिशवीत पंखा होता, म्हणून माझ्या लेखी दुखणं पंख्याचं होतं. जी गोष्ट आपल्याला बदलून टाकता येते तिच्यातच खोट आहे असं मानायची ही सवय गॅरेजपुरती नाही. बैठकीत आम्हाला एक माणूस बदलून टाकता येत होता.

मग मिस्त्रींनी विचारलं, "बोट कोण चालवत होतं? त्याला बोलवा."

मी म्हटलं, तो आता आमच्याकडे नाही.

"नसू द्या हो, साहेब. इंजिनाला तोंड आहे का? जो बसला होता तोच सांगेल."

निरोप गेला. तासाभराने तो टेकाडावरून उतरून आला. हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. माझ्याकडे न बघता मिस्त्रींसमोर उकिडवा बसला. त्यानंतर त्या दोघांमध्ये जे बोलणं झालं ते मी इतकं लक्ष देऊन ऐकलं की आजही जसंच्या तसं आठवतं. धार एकदम गेली की आधी बारीक झाली? आधी बारीक झाली, मग तुटक तुटक यायला लागली, मग गेली. धुराचा आवाज बदलला? हो, कोरडा झाला. वाफ? थोडी. रबराचा वास? नाही. गेल्यावर किती वेळ चालवलं? चालवलंच नाही, गेली तसं बंद केलं.

पाच साधे प्रश्न. आमच्या बैठकीत यांतला एकही विचारला गेला नव्हता. बोटवाल्याला बैठकीला बोलावलंच नव्हतं, कारण आम्हाला त्याच्याकडून काही जाणून घ्यायचं नव्हतं. जबाबदार कोण ते ठरवायला तो समोर नसला तरी चालतं, उलट नसला तर बरंच पडतं. बिघाड शोधायला मात्र तो हवाच, कारण खरी माहिती त्याच्याचकडे असते. मराठीत या दोन्ही कामांना आपण एकच शब्द वापरतो. यंत्रातला दोष शोधतो आणि माणसाला दोष देतो. खरं तर 'निदान' हा वेगळा शब्द आपल्याकडे आहे. गंमत म्हणजे मराठीत त्याचा दुसरा अर्थ 'कमीत कमी' असा होतो. निदान विचारायचं तरी, असं आपण म्हणतो ते त्या अर्थाने.

पंपाचं झाकण उघडलं. आतला पंखा एप्रिलमध्ये बसवलेला. सहाच्या सहा पाकळ्या धड. मिस्त्रींनी तो बोटांनी वाकवून, उन्हात फिरवून बघितला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हा मिनिटभर कोरडा फिरला असता ना, साहेब, तर तुम्हाला राख दाखवली असती." म्हणजे बोटवाला खरं सांगत होता. मी सांगितलं तशी दहा मिनिटं बोट चालवली असती तर पंखा गेला असता, बहुधा इंजिनही गेलं असतं, आणि घाटाला पोचलो असतो की नाही हे कोणी सांगावं. वल्ही आधी काढली काय आणि नंतर काढली काय, काढावी लागलीच असती, आणि वर वाफेने भरलेली बोट.

पंखा धड, मग पाणी का थांबलं? पोऱ्याने तळाच्या बाजूचा पाईप सोडवला. पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळणीची जाळी असते. ती अर्धी फाटलेली होती आणि तिच्यावर जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून तांब्याच्या तारेने बांधलेलं होतं. फडकं गाळाने असं लिंपलं होतं की वाळून ते पापडासारखं झालं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा! हे फडकं यानेच बांधलंय."

"फडकं का बांधलं?" मिस्त्रींनी विचारलं. मला नाही, त्याला.

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "जाळी मागितली होती."

मिस्त्री पुढच्या कामाला लागले. त्यांनी बोटवाल्याकडून तो पत्र्याचा डबा घेतला. त्यात आधीचा, एप्रिलमध्ये काढलेला पंखा होता. काठावरची माणसं काही टाकून देत नाहीत. त्याच्या तीन पाकळ्या बुडापासून तुटलेल्या होत्या, आणि डब्यात तुकडे होते दोन. "तिसरा कुठंय?" बोटवाल्याला ठाऊक नव्हतं. त्याने पंपात सापडले ते दोन काढले होते आणि नवा पंखा बसवला होता. मिस्त्रींनी पंपाच्या पुढचा पाईप सोडवला, मग इंजिनात शिरायच्या आधीचा कोपरा, आणि तारेचा आकडा घालून तिसरी पाकळी बाहेर काढली. तो तुकडा भिंतीला चिकटून राहिला की पाणी जायचं, आडवा फिरला की अडायचं. त्यामुळेच नवा पंखा बसवल्यावर काही फेऱ्या बोट नीट चालली आणि काही फेऱ्या चालली नाही, आणि 'याला नीट चालवता येत नाही' असं बोटीत बसणाऱ्यांचं मत व्हायला लागलं होतं. "तुकडे मोजायचे, भाऊ," मिस्त्री त्याला म्हणाले. पाना इकडे दे, ज्या स्वरात म्हणतात त्याच स्वरात. त्याने मान हलवली.

त्यांचं निदान तिथे संपलं. जाळी नवी घाला, सक्शनचा पाईप आतून सुटत चाललाय तोही बदला, उन्हाळ्यात दर फेरीला जाळी धुवा. पैसे घेतले, चहा घेतला, गेले. माझं त्या रात्री घरी संपलं, फायलीत. शाळेच्या वहीचं फाडलेलं पान होतं, मार्चमधलं. बोटवाल्याने सांगितलेलं आमच्या तिथल्या गुरुजींनी लिहून पाठवलं होतं : जाळी एक, सक्शन पाईप, पंखे दोन. त्यावर माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईने, 'पंखा एक मंजूर, बाकी पुढील महिन्यात'. रक्कम मोठी नव्हती. मार्चअखेर होती, मला ताळेबंद सरळ दिसायला हवा होता.

आता प्रश्न असा की त्या मे महिन्यातल्या दुपारी धार कशामुळे गेली?

आपल्या न्यायशास्त्राने कारणाचा विचार फार बारकाईने केला आहे. घडा तयार होतो त्याची कारणं कोणती? माती, चाक, दांडा, कुंभार. दांड्याचा रंग कारण नाही. माती वाहून आणणारं गाढव कारण नाही, दुसऱ्या कशावरूनही ती आणता आली असती. आणि कुंभाराचा बापही कारण नाही, तो कुंभाराचं कारण आहे, घड्याचं नाही. अशा गोष्टींना नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात, आणि विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदा'त त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. कारणांची साखळी कुठेतरी तोडावी लागते, नाहीतर प्रत्येक घड्यामागे ब्रह्मदेवापर्यंत जावं लागेल, ही त्यामागची अडचण खरी आहे. फायल मिटून मी जेव्हा पलंगावर पडलो तेव्हा माझ्या मनाने पहिल्यांदा हाच आधार शोधला. धार गेली ती गाळाने आणि तुकड्याने. फडकं त्याने बांधलं. तुकडा त्याने मोजला नाही. मी लांबचा. मी कुंभाराचा बाप.

पण हे टिकेना. कुंभाराच्या बापाकडे कुंभाराने मार्चमध्ये चिठ्ठी पाठवलेली नसते.

इंग्रज तत्त्वचिंतक आर. जी. कॉलिंगवुड यांनी 1940 साली तत्त्वमीमांसेवरच्या आपल्या निबंधात एक उदाहरण दिलं आहे. वळणावर गाडी घसरते आणि उलटते. चालकाच्या दृष्टीने कारण असं की वळण फार वेगात घेतलं. रस्त्यांची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने रस्त्याचा पृष्ठभाग सदोष होता. मोटार बनवणाऱ्याच्या दृष्टीने गाडीची रचना सदोष होती. कॉलिंगवुडचं म्हणणं असं की तिघांचंही बरोबर आहे. प्रत्येक जण ज्या गोष्टीवर आपला ताबा चालला असता तिला कारण म्हणतो. ज्याच्या हातात काहीच नाही अशा निव्वळ बघ्याला कारण असं काही नसतंच. मिस्त्री जाळीपाशी थांबले याचा अर्थ मला यातून लागतो. त्यांचा हात तिथपर्यंत पोचत होता, पुढे माझी फाइल होती आणि ती त्यांच्या पान्याला खोलता येत नव्हती.

तरी कॉलिंगवुडच्या उदाहरणातली माणसं मला फार सज्जन वाटतात. चालक म्हणतो मी वेगात होतो, अधिकारी म्हणतो माझा रस्ता वाईट होता. आमच्याकडे कुठल्याही अपघातानंतरची पहिली विधानं आठवून बघा. अधिकारी म्हणतो चालक वेगात होता, चालक म्हणतो रस्ता वाईट होता. मी बैठकीत तेच केलं. ज्यावर दुसऱ्याचा ताबा होता तेवढ्याच गोष्टीला मी कारण म्हटलं.

आणि त्याहून एक बारीक लबाडी केली, ती मला बरीच उशिरा दिसली. त्याच्याबद्दल लिहिताना मी माणसाची भाषा वापरली : निष्काळजीपणा, नकार. फायलीतली चिठ्ठी सापडल्यावर मी संस्थेच्या अध्यक्षांना जे कळवलं त्यात लिहिलं होतं : 'सुटे भाग उपलब्ध होण्यास विलंब झाल्याने तांत्रिक बिघाड.' इथे कोणी माणूस नाही. विलंब झाला, जसा पाऊस झाला. बिघाड तांत्रिक. बोटवाल्याच्या फडक्यामागे एक दुर्गुण होता आणि माझ्या शेऱ्यामागे एक प्रक्रिया होती. हा घोटाळा व्याकरणाचा वाटतो, पण सरकारी खुलाशांपासून घरातल्या भांडणांपर्यंत तो सगळीकडे आहे. हाताखालच्याची चूक कर्तरी प्रयोगात लिहायची आणि आपली भावे प्रयोगात.

यावर कोणी म्हणेल, मग दोष देणं सोडूनच द्या, सगळ्यांना मिस्त्रींसारखं बघा : जाळी फाटली, फडकं लिंपलं, तुकडा अडकला, मंजुरी अडकली. मला ही वाट आवडते आणि म्हणूनच मी तिच्याकडे संशयाने बघतो. मिस्त्री 'तुकडे मोजायचे' म्हणाले त्यात अपमान नव्हता, कारण पुढच्या वेळी तुकडे मोजले जाणं एवढंच त्यांना हवं होतं. पण 'मंजुरी अडकली' असं मी म्हटलं तर त्यातून एक माहिती गळते. चिठ्ठी मी वाचली होती. सक्शनची जाळी म्हणजे काय हे मला नेमकं कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर ती महत्त्वाची आहे असं उत्तर मिळेल आणि मग पैसे द्यावे लागतील, अशी पुसट शंका तेव्हा मनात होती. आज ती मला स्पष्ट आठवते.

या शंकेबद्दलचं सर्वांत कठोर लेखन 1877 सालचं आहे. विल्यम क्लिफर्ड हे गणिती, त्यांनी श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, त्याची सुरुवातच एका जहाजमालकाने होते. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी केलेलं, देशांतर करणाऱ्या कुटुंबांनी भरलेलं. मालकाच्या मनात शंका येते की ते समुद्रात जायच्या लायकीचं आहे ना. तपासणी खर्चाची असते. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पाहिली, हीही होईल, देव आहे. हळूहळू त्याला ते खरोखरच पटतं आणि शांत मनाने तो जहाज सोडतो. ते बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो आणि काही बोलत नाही. क्लिफर्ड म्हणतात तो त्या मृत्यूंना जबाबदार आहेच, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हा बचाव चालणार नाही, कारण समोरच्या पुराव्यावर तो विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. इथपर्यंत सगळे सोबत येतात. पुढे ते विचारतात, समजा जहाज बुडलं नाही, सुखरूप पोचलं, त्या सफरीला आणि पुढच्या कित्येक सफरींना. मग मालकाचा अपराध कमी होतो का? त्यांचं उत्तर आहे, तसूभरही नाही. तो फक्त उघडकीला येत नाही.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी हे वाक्य वर ज्या सहजतेने लिहिलं त्याच सहजतेने गेलं वर्षभर स्वतःला ऐकवत आलो आहे. क्लिफर्ड वाचल्यावर ते वाक्य मला वाचवत नाही. आणि खरं सांगायचं तर मी पूर्ण पटलोही नाही. ती बाई बोटीत गेली असती तर आज मी हा लेख लिहायला बसलो नसतो, कदाचित कुठेच नीट बसलो नसतो. मार्चमधला शेरा अक्षरशः तोच राहिला असता, शाईसुद्धा तीच, आणि तरी मी वेगळा माणूस असतो. हा फरक न्याय्य नाही हे मला कळतं. तो आहे हेही कळतं. यात कुठली तरी एक बाजू घ्यावी असं मला अजून जमलेलं नाही.

एक पळवाट मात्र मी आता घेत नाही, आणि ती या काठावर सर्वांत मोठी आहे. गाळ कुठून आला? सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. मणिबेलीत पाणी 1993 सालीच शिरलं होतं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरला. पावसाळ्यानंतर टेकड्यांच्या कमरेपर्यंत पाणी असतं, उन्हाळ्यात ते कित्येक मीटर खाली जातं आणि मध्ये उरतो तो गाळ, गुडघाभर, काही ठिकाणी त्याहून जास्त. जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, म्हणून बोट. इथे तरंगता दवाखाना हा शब्द कोणाला अलंकारिक वाटत नाही. 2020 साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे कोरोनाच्या भीतीने माणसं केंद्रावर येईनात म्हणून मासेमाराची होडी घेऊन, स्वतः वल्हवत, आलीगट आणि दादर या पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत जात होत्या. इंजिन नाही, पंप नाही, धार नाही. त्यांचं कौतुक सगळ्या देशाने केलं. एका बाईला बाळांची वजनं करायला एवढी नदी का वल्हवावी लागते, हा प्रश्न त्या कौतुकात फारसा ऐकू आला नाही.

हे सगळं खरं आहे. कारणांच्या साखळीत धरण आहेच, ते काही कुंभाराचं गाढव नाही. नर्मदा पाणी तंट्याच्या लवादाचा निवाडा 1979 चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2000 चा. दोष कोणाचा हा प्रश्न या काठावर माझ्या चिठ्ठीच्या किती तरी आधीपासून विचारला जातो आहे आणि विचारला जायलाच हवा. पण फायलीतला कागद सापडल्यानंतरच्या आठवड्यात मी अचानक धरणाबद्दल फार बोलायला लागलो होतो, हे माझ्या बायकोने दाखवून दिलं. "जाळी धरणाने नामंजूर केली का?" एवढंच तिने विचारलं. मोठं कारण पुढे केलं की लहान कारण त्याच्या सावलीत बसून राहतं. ज्यांच्या हातात दरवाजे होते त्यांनी दरवाज्यांचं उत्तर द्यावं, मला जाळीचं द्यायचं होतं.

ते द्यायला मी पावसाळ्याआधी त्याच्या पाड्यावर गेलो. बैठकीत आधीचं पान मागे घेतल्याचा ठराव मी स्वतः मांडला होता, त्याची प्रत सोबत होती, थांबवलेल्या दिवसांचा पगार होता आणि नवी जाळी होती. त्याच्या आईने पाणी दिलं. मी म्हटलं, "माझी चूक झाली. चिठ्ठी मी अडवली होती, आणि पान तुमच्यावर लिहिलं." 'तुमच्यावर' माझ्या तोंडातून कसंसंच निघालं. त्यालाही ते विचित्र वाटलं असावं, कारण तो हसला. ठरावाची प्रत त्याने घडी करून छपराच्या वाशात खोचली. पगार मोजून आईकडे दिला. मग जाळी हातात घेतली, बोटं घालून तिचं तोंड मापलं.

"सर, ही दोन इंची आहे. आपलं तोंड दीडचं."

मी दुकानात माप सांगितलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं आणि पुन्हा एकदा मी कोणाला विचारलं नव्हतं. तो घरात गेला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आला, जाळीच्या गळ्याला दोन वेढे देऊन बघितले, तिसरा दिला. "बसेल," म्हणाला, "पण पुढच्या वेळी दीडची आणा."